उभ्या वर्गाची हजेरी

सरांच्या तासाला वर्गात आल्याबरोबर बसायचं नाही, हा नियम. सगळ्यांनी उभं राहायचं. सर मस्टर उघडून एकेक नाव घेणार, ज्याचं नाव आलं त्यानं 'हजर' म्हणायचं आणि बसायचं. बाकीचे मास्तर शिक्षा म्हणून उभं करतात, आमचे सर हजेरी म्हणून करायचे. अमरावतीच्या त्या विधी महाविद्यालयात पहिल्याच दिवशी मी मनात म्हटलं, हा माणूस अर्धा सरकलेला दिसतो. अकोटहून एसटीत उभ्यानंच आलेली मी, पायांचे तुकडे पडलेले, आणि नावं काही संपत नव्हती.

शेवटी संपली. सगळे बसले, आणि मी एकटी उभी. माझा प्रवेश उशिरा झाला होता, नाव मस्टरवर चढलंच नव्हतं. अख्खा वर्ग वळून माझ्याकडे पाहत होता. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. सर मात्र खूश. वर्गाला म्हणाले, ही पाहा, बसल्या बसल्या हजेरी घेतली असती तर हिचं नाव राहिलं हे कोणाच्या बापाला कळलं नसतं. यादीत जो नाही तो दिसायचा असेल तर आधी सगळ्यांनी उभं राहायला पाहिजे. मग त्यांनी स्वतःच्या हातानं तळाशी माझं नाव लिहिलं, मोठ्यानं वाचलं, आणि मी बसले.

सर कायद्याचा इतिहास शिकवत. निवृत्त होऊन वर्षं झाली होती, तरी मानधनावर यायचे. विषय रोमन कायद्याचा असो की इंग्रजांच्या कायद्याचा, दहाव्या मिनिटाला गाडी जपानात. जुन्या जपानात मेलेली जनावरं उचलणारे, कातडी कमावणारे लोक गावाबाहेर वेगळ्या वस्तीत राहत. त्यांना कायदा वेगळा, नोंदवही वेगळी, वागणूक वेगळी. सरांची उभी हयात या लोकांचा इतिहास धुंडाळण्यात गेली. एवढं जग सोडून जपानच कावून, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, माझा आजा गावची मेलेली ढोरं ओढायचा. त्याच्यावर लिहिलं की लोक म्हणतात हा आपलं रडगाणं गाऊन राहिला, जपानवर लिहिलं की विद्वान म्हणतात. सांगताना हसले, पण ते हसणं मला काही आवडलं नाही.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून अजून जात नाही. त्या काळी तिकडे रस्ता मोजताना तो या लोकांच्या वस्तीतून जात असेल, तर काही ठिकाणी तेवढा तुकडा धरतच नसत. वस्ती नकाशात नाही आणि रस्त्याच्या लांबीतही नाही. माणूस चालणार, पाय दुखणार, पण कागदावर तेवढा वेळ तो कुठेच नसणार. आम्ही पोरंपोरी हसलो. सर हसले नाहीत. पुढच्या रविवारी, आपल्याकडेही असा तुकडा गाळलाय का पाहू म्हणून, मला घेऊन ते अचलपूरच्या एसटीत बसले, वाटेत एका फाट्यावर उतरले आणि गोणीतून सायकलचं चाक काढलं. चाकाच्या एका तारेला लाल चिंधी बांधलेली. चिंधी वर आली की एक फेरा. दोन मैलदगडांमधला रस्ता आम्ही भर उन्हात चाक फिरवत मोजला. सर चाक ढकलत होते, मी फेरे लिहीत होते, आणि येणारा जाणारा दुचाकीवाला वेग कमी करून पाहत होता. मोजमाप तंतोतंत निघालं. मला सुटल्यासारखं झालं, कारण दोन्ही बाजूंच्या त्या मुक्या कपाशीत मला उगाचच वाटायला लागलं होतं की हे जुळणार नाही. सरांचा चेहरा मात्र उतरला. "म्हंजे इथली वस्ती दुसऱ्या कागदावर पुसली," एवढं म्हणाले आणि चाक गोणीत घातलं.

आता दुसऱ्या हजेरीबद्दल. पदव्युत्तर परीक्षा झाल्यावर मी सरांकडेच पीएच.डी.ला नाव नोंदवलं. मे महिना, कॉलेजला सुट्टी, आणि वऱ्हाडातली दुपार. बारानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, लोक दारं लावून कूलरसमोर आडवे. आमच्याकडे भ्यायची वेळ रात्रीची नाही, हीच. शिपाई गजाननभाऊ मला फाटकातच म्हणाले की मॅडम, एक ते दोन सात नंबरच्या खोलीकडे जाऊ नका, सरांचा वर्ग असतो. सुट्टीत कसला डोंबलाचा वर्ग, म्हणून मी गेलेच.

खोलीत सर एकटे टेबलामागे उभे. समोर रिकामे बाक. हातात काळ्या बांधणीची जाड वही. एक जपानी नाव घ्यायचे, थांबायचे, वहीत खूण करायचे, पुढचं नाव. मी दाराशी थांबून पाहत राहिले, आणि मग मला त्यांची नजर दिसली. नाव घेतलं की नजर आधी वर जायची, उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. जरा वेळानं ती हळूच खाली यायची, बसलेल्या माणसाच्या उंचीला. दर नावाला असंच, आणि दर वेळी बाक वेगळा. हजेरी संपवून सर बाहेर आले, कुलूप लावलं, आणि काहीच झालं नाही अशा थाटात मला विचारलं की जेवलीस का.

ती वही म्हणजे सरांचा जीव. तरुणपणी शिष्यवृत्तीवर ते दोन वर्षं जपानात होते, तेव्हा एका डोंगराळ गावातल्या बौद्ध मंदिरात त्यांना मृतांची नोंदवही पाहायला मिळाली. तिकडे मेल्यावर माणसाला मंदिरातून नवं नाव मिळतं. गावकऱ्यांची वही वेगळी आणि गावाबाहेरच्या वस्तीची वेगळी. वस्तीतल्या मेलेल्यांना पुजाऱ्यानं दिलेली नावं अशी, की नावातच शिक्का मारलेला: चामडं, चाकर, जनावर. सर म्हणायचे, माझ्या बापानं बुद्धाचा रस्ता धरला तो यातून सुटायला, आणि तिथं बुद्धाच्याच दारात दुसरी वही. त्या वहीच्या पानापानाचा फोटो काढून त्यांनी आणला. पुढे लाज वाटून म्हणा की भीतीनं, मंदिरानं मूळ वही जाळून टाकली. त्या माणसांचा जगात एकच कागद उरला, तो अमरावतीत सरांच्या कपाटात. त्यावरूनच सरांनी काळी वही उतरवून काढली होती.

मी कामाला लागले त्या सुमारास जपानातल्या एक म्हाताऱ्या बाई सरांना ई-मेल पाठवत असत. त्या स्वतः इतिहासाच्या अभ्यासक, आणि त्याच वस्तीतल्या घरातल्या. वस्ती केव्हाच उठून गेली होती. त्या जागेवर बाईंना एक दगड उभा करायचा होता, सगळ्या मेलेल्यांची नावं कोरून. यादी सरांनी द्यायची. एकही जण सुटायला नको, असं बाई दर वेळी लिहीत. सरांना आता आयुष्यात तेवढं एकच काम उरलं होतं.

त्यातच काचबिंदूनं सरांची नजर गेली. यादी संगणकावर चढवायचं काम माझ्याकडे आलं, आणि दुपारची हजेरी वाचायचंही. तोवर अडखळत का होईना मी ती लिपी शिकले होते. मी वाचायची, सर टेबलामागे उभे राहून कान देत. डोळे गेले तरी त्यांची मान वरून खाली यायचीच. हळूहळू मला सवय झाली. आपल्याला कशाचीही सवय होते.

आता माझी करणी सांगते. आमचं घर माळ्याचं. लहानपणापासून कोथिंबीर निवडायची, पिवळी पानं काढायची, जुड्या बांधायच्या. संशोधनातही माझा हात तसाच चालतो. यादी चढवून झाली तेव्हा ती मला अस्वच्छ वाटली. साथीच्या एका वर्षी पुजाऱ्यानं कंटाळून की काय, बऱ्याच जणांना एकच नाव देऊन टाकलं होतं. तेच दोन शब्द, तेच वर्ष, ओळींमागून ओळी. मला वाटलं, चढवताना मीच पुन्हा पुन्हा मारलं. एक्सेलमध्ये दुहेरी ओळी काढून टाकायची सोय असते. फोटोंशी ताडून पाहायचा आळस केला आणि बटण दाबलं. पडद्यावर पाटी आली की अकरा ओळी काढल्या. मी ओके केलं आणि चहा प्यायला गेले. त्याच यादीवरून प्रबंधातला मुख्य तक्ता केला, आणि प्रबंध सादरही झाला.

त्यानंतर नव्या यादीवरून मी हजेरी वाचली. संपली तरी सर जागचे हलेनात. झाली सर, म्हटलं.

"कशी झाली? बरेच जन उभे हाय अजून," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग मी घाबरून यादी फोटोंशी ताडली. अकराच्या अकरा माणसं वेगळी होती. दर ओळीच्या शेवटी बारीक अक्षरात मरणाचा दिवस लिहिलेला, तो वेगळा, आणि तो रकाना मी चढवलाच नव्हता. त्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं. पण सांगितलं तर तक्ता चुकीचा, तक्ता चुकीचा तर प्रबंध परत, आणि अकोल्याच्या कॉलेजातली नोकरी प्रबंधावर अडलेली. मी मूग गिळून बसले. निदान हजेरी वाचताना ती अकरा नावं घालायला माझं काय जात होतं? पण घातली असती आणि सर म्हणाले असते की आता बरोबर, तर त्यांना खरंच कळतं हे मला मानावं लागलं असतं. तेवढी छाती नव्हती.

सर मात्र ज्याला त्याला सांगत सुटले की माझ्या वर्गात माणसं उभी आहेत, त्यांना बसता येत नाही. कॉलेजात कुजबुज सुरू झाली, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हणून. प्राचार्यांनी मला बोलावून सरळ विचारलं, यादीत काही कमी आहे का. मी त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन सांगितलं की यादी पूर्ण आहे, सरांना वयामुळे तसं वाटतं. सात नंबरच्या खोलीला दुसरं कुलूप लागलं. ज्यांनी तिथं जन्म घालवला त्या सरांना गजाननभाऊंनी हात धरून फाटकाबाहेर नेलं. गजाननभाऊ रडत होते. मी नाही रडले.

मी अकोल्याला रुजू झाले आणि मला एक विचित्र खोड जडली. दुपारी एक वाजला की मला बसवेना. स्टाफरूममध्ये सगळे डबे उघडून बसलेले आणि मी आपली भिंतीशी उभी. बसले की वाटायचं, कोणाच्या तरी आधी आपण बसलो. पाठ दुखते म्हणून सांगायची. एकदा रिकाम्या वर्गात पेपर तपासत होते. सहज मान वर केली, ती थेट उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. समोर कोणी नव्हतं. पण मान आपोआप बरोबर त्याच उंचीला गेली. पेपर तसेच टाकले, पर्स उचलली आणि अमरावतीची गाडी धरली.

दार काकूंनी उघडलं, सरांच्या बायकोनं. सर बैठकीच्या खोलीत होते, आणि उभे होते. रोज एक ते दोन असेच उभे राहतात, सांगून सांगून थकले बाई मी, असं काकू म्हणाल्या. मी सरांच्या पायाशी बसले आणि सगळं ओकून टाकलं. बटण, अकरा ओळी, प्राचार्यांपुढचं खोटं, सगळं. ढसाढसा रडले. हाकलून देतील अशी माझी तयारी होती. सरांनी एवढंच विचारलं की ती अकरा नावं आणलीस का. आणली होती. मी वाचली, एकच नाव अकरा वेळा, मरणाचा दिवस वेगळा. दर वेळी सर थांबले, दर वेळी मान वरून खाली आली. काकू स्वयंपाकघराच्या दारात तोंडावर पदर धरून उभ्या होत्या.

अकरा झाली, पण सर काही बसले नाहीत.

"एक बाई राहिली," म्हणाले. मी शपथ घेऊन सांगितलं की आता एकही ओळ सुटलेली नाही. तर म्हणाले, "ते तुह्याच्यानं नाई राहिली. ते पयलेपासून उभी हाय. म्हनून तं इतके वर्स हजेरी घेऊन राहिलो."

या वेळी मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. कपाटातून जुन्या कॅमेऱ्याची मूळ फिल्म काढली आणि राजकमल चौकाजवळच्या एका स्टुडिओत संगणकावर मोठी करून घेतली. शेवटून तिसऱ्या पानाच्या कोपऱ्यात एक काळा डाग होता. छापलेल्या फोटोत सगळ्यांनीच तो शाईचा डाग धरला होता, सरांनी आणि मीसुद्धा. स्टुडिओवाल्यानं डाग मोठा करत नेला तसं त्याला नख दिसायला लागलं. अंगठा होता तो. पान उडू नये म्हणून दाबून धरलेला सरांचाच डावा अंगठा. आणि त्याच्या कडेनं एका अक्षराचं शेपूट बाहेर आलेलं. खाली एक ओळ होती, आणि मूळ वही तर जळून गेलेली.

सांगावं की नाही, यात मी दोन दिवस घालवले. ज्या माणसानं जन्मभर सुटलेल्यांना शोधलं, त्याला कसं सांगायचं की एकीला तुम्हीच बोटाखाली ठेवून आलात? पण एकदा लपवून काय झालं ते मी पाहिलं होतं. जाऊन सांगितलं.

सरांनी डावा हात वर करून अंगठा तोंडासमोर धरला, आणि न दिसणाऱ्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहत हळू आवाजात म्हणाले, "कोन हायेस वं माय? नाव सांग." आणि हजेरीत थांबायचे तसे थांबले. कूलर घरघरत होता, काकूंनी उठून तो बंद केला. कावून केला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. खोली तापत गेली. कोणी हललं नाही. मग सरांनी मान डोलावली, समोरच्यानं सांगितलं आणि आपल्याला कळलं अशी.

"लिही. कियो."

मी म्हटलं, सर, वहीत असलं नाव नाहीच, मंदिराची नावं निराळी असतात, हे तर जितेपणीचं वाटतं. सर म्हणाले की तिला तेच पाहिजे आहे.

कागदावर लिहिलं मी. यादीत नाही घातलं. कायदा शिकवते मी, पुराव्याशिवाय एका मेलेल्या बाईचं नाव दगडावर कोरा म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं? दुसऱ्या दिवशी ती अकरा माणसं यादीत घातली, माझी चूक कबूल केली आणि यादी जपानला पाठवली. अंगठ्याची जागा कोरी ठेवली, खाली टीप दिली. विद्यापीठाला आणि प्राचार्यांनाही लिहिलं. प्रबंध परत आला, अकोल्याची नोकरी कशीबशी तासिका तत्त्वावर राहिली. त्याचं मला आता काही वाटत नाही.

सरांनी तोवर अंथरूण धरलं होतं. यादी पाठवल्यावर दुसऱ्या दुपारी त्यांच्या खाटेजवळ बसून मी सांगितलं की गेली यादी, कियोसकट गेली. सरांनी कान दिला. माझ्याकडे नाही, माझ्या मागे, दाराच्या बाजूला. उशीवरून मान उचलून धरली होती, ती तशीच वर राहिली.

"खोटं नको बोलू वं," ते म्हणाले. "तुह्या मांगंच उभी हाय ते."

मी मागे पाहिलं नाही. माझी हिंमत झाली नाही, आज कोणी विचारलं तरी होणार नाही. पर्समधून मोबाइल काढला, यादी उघडली, कोऱ्या जागी ते नाव घातलं आणि टीप पुसली. दोनदा चुकलं. पाठवून दिली, आणि ती ओळ सरांना मोठ्यानं वाचून दाखवली. सरांची मान सावकाश उशीवर आली. आठवड्याभरात ते गेले.

दगड उभा राहिला. बाईंनी फोटो पाठवला, वर सगळी नावं, तळाशी कियो. फोटोसोबत त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं होतं, हे शेवटचं नाव तुम्हाला कोणत्या कागदात मिळालं? त्याला तीन वर्षं झाली. मधे त्यांनी दोनदा आठवणही करून दिली. कागद नाही असं कळवलं तर त्या ते नाव दगडावरून काढतील. अभ्यासक आहेत, त्यांच्या जागी मी असते तर मीही काढलं असतं. एकदा मी गप्प बसले तेव्हा अकरा माणसं उभी राहिली होती. आता कियोला कोणी उठवू नये म्हणून गप्प आहे, आणि बाईंना उत्तर देणार नाही.